जिम स्टाइन्स: एका चुकीनंतरची अकरा वर्षं

सप्टेंबर १९८७. मेलबर्नच्या उपनगरातलं वेव्हर्लीचं मैदान. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा हा सामना जिंकला की फायनल. मेलबर्न क्लब हॉथॉर्नपेक्षा चार गुणांनी पुढे आहे. २३ वर्षांनी फायनल अगदी हाताशी आलीय. हॉथॉर्नच्या गॅरी बकेनाराला शेवटची फ्री किक मिळालीय खरी, पण गोल लांब आहे.

आणि नेमका तेव्हाच एक उंच, आयरिश पोरगा बकेनारा आणि त्याच्यासमोर उभा असलेला बचावपटू यांच्या मधून पळत जातो. नियमात हे बसत नाही. शिक्षा म्हणून पंच बकेनाराला १५ मीटर पुढे आणतात. किक... गोल. सहा गुण! दोन गुणांनी मेलबर्नचा खेळ खलास.

तो पोरगा जिम स्टाइन्स. वय २१.

डब्लिनमध्ये तो गेलिक, म्हणजे आयर्लंडचं स्वतःचं, फुटबॉल खेळत वाढला. तिथला चेंडू गोल. मेलबर्नचे प्रशिक्षक रॉन बरासींनी आयर्लंडमधून पोरं आणून घडवायचा घाट घातला, तेव्हा पेपरातली जाहिरात बघून जिमनं नशीब अजमावलं. इथला चेंडू अंडाकृती. टप्पा पडल्यावर कुठं उसळेल, नेम नाही. आधी प्राहरान क्लबकडून उमेदवारी, मग १९८७ मध्ये मुख्य संघात. आणि पहिल्याच हंगामात हे!

दुसरा कुणी असता तर डब्लिनचं तिकीट काढलं असतं.

जिम खेळायचा रकमन म्हणून. तेव्हा पंच चेंडू जमिनीवर आपटून उंच उडवायचा. दोन्हीकडचे रकमन धावत येऊन झेपावायचे, गुडघे बरगड्यांवर आदळायचे, आणि ज्याचा हात आधी पोचेल तो चेंडू आपल्या माणसाकडे टोलवायचा. सामनाभर हेच. अशा जागेवर खेळून जिमनं सलग २४४ सामने काढले, एकही न चुकवता. तोवर हे कुणालाच जमलं नव्हतं. १९९१ मध्ये हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं, पंचांच्या मतांवर ठरणारं ब्राउनलो पदकही त्यानं पटकावलं.

विजेतेपद मात्र नशिबात नव्हतं. १९८८ ची फायनल मेलबर्न ९६ गुणांनी हरलं, तीही हॉथॉर्नकडूनच.

१९९८ मध्ये तो निवृत्त झाला. त्याआधीच, १९९४ मध्ये, त्यानं किशोरवयीन मुलांसाठी 'रीच' ही संस्था उभी केली होती. २००८ मध्ये कर्जात बुडालेल्या मेलबर्न क्लबचं अध्यक्षपद त्यानं अंगावर घेतलं. पुढच्याच वर्षी कॅन्सर. शस्त्रक्रिया चालू, आणि क्लबसाठी पैसे उभे करणंही चालू. कर्ज फिटलं. २० मार्च २०१२ ला, ४५ व्या वर्षी, जिम गेला. व्हिक्टोरिया राज्यानं त्याला शासकीय इतमामात निरोप दिला.