वाचवायचं ते नेमकं काय?

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, स्कॉट्सडेल इथे, पुरुषभर उंचीहूनही मोठ्या स्टीलच्या टाक्या ओळीनं उभ्या आहेत. आत द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश सेल्सिअस. त्यात मेलेली माणसं ठेवली आहेत, पुढे कधीतरी विज्ञान त्यांना परत उठवेल या आशेनं. डोकं खाली, पाय वर. नायट्रोजन कमी झालाच, तर मेंदूला धग शेवटी लागावी म्हणून. अल्कोर ही संस्था त्यांना मृत म्हणत नाही, रुग्ण म्हणते.

त्यातले सर्वांत जुने जेम्स बेडफर्ड, मानसशास्त्राचे प्राध्यापक. १२ जानेवारी १९६७ रोजी ते कर्करोगानं गेले आणि त्यांना गोठवण्यात आलं. आजवर अशा एकाही माणसाला परत उठवता आलेलं नाही.

ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस म्हणायचा, आपण असतो तेव्हा मरण नसतं, मरण येतं तेव्हा आपण नसतो. मग भ्यायचं कशाला? बिनतोड वाटतं. पण ज्या घरातलं माणूस नुकतंच गेलंय, तिथे हे कुणाच्या गळी उतरत नाही. का, ते अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी १९७० मध्ये मांडलं. मरण वाईट, कारण जगायचं राहिलेलं सगळं ते हिरावून नेतं. मला हे पटतं. म्हणूनच जास्त जगू पाहणाऱ्यांना हावरट म्हणणं अन्यायाचं आहे.

पण वाचवायचं ते काय? शरीर? १९६१ मध्ये जीवशास्त्रज्ञ लेनर्ड हेफ्लिक यांनी दाखवलं, की प्रयोगशाळेत माणसाच्या सामान्य पेशी साधारण पन्नासेक वेळा विभागतात आणि थांबतात. कर्करोगाच्या पेशी मात्र थांबत नाहीत. अमेरिकेतल्या हेन्रिएटा लॅक्स १९५१ मध्ये, अवघ्या ३१ वर्षांच्या असताना कर्करोगानं गेल्या. त्यांच्या गाठीतल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढताहेत. हेन्रिएटा मात्र त्यात कुठेच नाहीत.

मग मन वाचवू, असं काही जण म्हणतात. मेंदूची हुबेहूब नक्कल संगणकात उतरवायची. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. आत्ताशी कुठे, २०२४ मध्ये, फळमाशीच्या मेंदूतल्या सुमारे १ लाख ४० हजार पेशींच्या जोडण्यांचा नकाशा पूर्ण झालाय. तरी समजा, जमलं. नक्कल बोलू लागली. तिला आईचा आवाज आठवतो, शाळेतलं भांडण आठवतं, ती स्वतःचं नावही तेच सांगते. आणि शेजारी खाटेवर मूळ माणूस अजून श्वास घेतोय, सगळं ऐकतोय. त्याचं मरण एका दिवसानंही लांबलेलं नाही.

कठोपनिषदातल्या नचिकेत्याला यमानं हवं तेवढं आयुष्य देऊ केलं होतं. ते त्यानं नाकारलं आणि विचारलं, माणूस गेल्यावर तो उरतो की नाही? नक्कल करू पाहणाऱ्यांना आधी याचं उत्तर द्यावं लागेल.