रात्रीचं काँक्रीट

नाशिकमध्ये इंदिरानगर म्हणा, सिडको म्हणा, गंगापूर रोड म्हणा, कुठल्याही सोसायटीत एक तरी घर असं निघतंच की पोरगा दुबईला नाहीतर दोहाला बांधकामाच्या साईटवर इंजिनिअर आहे. घरचे सांगतात मस्त चाललंय, पगार चांगलाय. आणि पगार चांगला असतोच, त्यात खोटं काही नाही. पण त्या पगारासाठी तो दिवस कसा काढतो ते घरात कुणालाच धड माहीत नसतं.

उन्हाळ्याचंच घ्या. यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करायला बंदी आहे, कतारमध्ये तर १ जूनपासूनच, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन. कामगारांसाठी हा नियम पाहिजेच, जीव वाचतात त्यानं. पण स्लॅबची तारीख काही कुणी पुढे ढकलत नाही. त्यात उन्हात काँक्रीट लवकर सेट होतं, तडे जातात, म्हणून प्लांटवर बर्फ नाहीतर थंड पाणी घालून मिक्स गार ठेवतात आणि स्लॅब भरतात रात्री. मग साईट इंजिनिअर रात्रभर उभा. मिक्सरच्या गाड्या एकामागून एक येतात, प्रत्येक गाडीचं टेम्परेचर बघा, काँक्रीट किती घट्ट-पातळ ते कळायला स्लंप घ्या, ताकद तपासायला क्यूब भरा, मध्येच पंप चोक झाला की इकडं काम थांबलेलं आणि तिकडं मागची गाडी तापत उभी, हे सगळं आटपेपर्यंत फटफटतं. तासाभरात काम तपासणाऱ्या कन्सल्टंटचं इन्स्पेक्शन. दुपारी कामगार सावलीत बसतात तेव्हा हा केबिनमध्ये डेली रिपोर्ट भरत असतो, आणि रूमवर जावं तर रूम पार्टनरची शिफ्ट वेगळी, दिवसा झोप कसली येतेय.

असं तीन महिने, दरवर्षी. काही जण काढतात. काहींचं हळूहळू बिनसतं, एकच ड्रॉइंग चार वेळा वाचूनही डोक्यात शिरत नाही, फोरमनवर उगाच ओरडणं होतं, ज्या कामाचा अभिमान वाटायचा त्याचा तिटकारा यायला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआऊटचं जे वर्णन केलं ते हेच, पार गळून जाणं, कामावरून मन उडणं, आपल्याच्यानं होत नाही असं वाटणं. आणि त्यांनी त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या ठिकाणचा ताण वेळीच आवरला नाही की होणारी अवस्था म्हटलंय. हे नीट ऐका, कारण आपल्याकडे लगेच पोराला नाजूक ठरवतात.

मग सोडून का येत नाही? अहो, व्हिसाच नोकरीला बांधलेला. इथं फ्लॅटचा हप्ता चालू. यूएईत पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी मिळते, त्यापुढच्या वर्षांना ३० दिवसांचा, म्हणून जो तो म्हणतो पाच होऊ दे, मग बघू.

आमच्याशी बोललेला एक जण परत आलाय, नाव-चेहरा नको म्हणाला. सुट्टीवर आला होता तेव्हा जेवताना फोन वाजला की हातातला घास तसाच राहायचा, आई म्हणायची तिकडं जाऊन गप्प झालास. आता तो इथंच, २०२७ च्या कुंभमेळ्याच्या कामांपैकी एका रस्त्यावर आहे, पगार बराच कमी. बायको आधी नाराज होती, तेही तिनं स्वतःच सांगितलं.

तुमच्या घरातलं कुणी बाहेर असेल तर फोनवर पैसे पोचले का एवढंच विचारू नका हो, काल झोपलास कधी हेही विचारा. आणि तो सुट्टीवर आलाच असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात, दिवसा-रात्री कधीही लावा.