प्रवेश घटले की कात्री कुठे लागते?

(दृश्य : केगाव, सोलापूर-पुणे महामार्ग. एसटीतून उतरून विद्यापीठाच्या आवारात शिरणारे विद्यार्थी.)

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचं कार्यक्षेत्र एकच जिल्हा आहे. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत, बार्शीपासून सांगोल्यापर्यंत, एकूण अकरा तालुके. २००४ मध्ये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून वेगळं होऊन हे विद्यापीठ उभं राहिलं आणि विद्यार्थ्यांच्या कोल्हापूरच्या खेपा वाचल्या. ही मोठीच सोय झाली. पण एका जिल्ह्याच्या विद्यापीठाला एक धोका कायमचा असतो. इथले प्रवेश घटले, तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या वाढीने ते भरून निघत नाहीत.

त्यात जिल्ह्यात शिकणारा प्रत्येक विद्यार्थी या विद्यापीठाचा नसतो. मेडिकल, नर्सिंग, आयुर्वेद हे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. कृषी राहुरीकडे. नोकरी सांभाळून पदवी घ्यायची तर मुक्त विद्यापीठ. अभियांत्रिकी आणि फार्मसीच्या महाविद्यालयांना लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचा पर्याय. आणि ज्याला झेपतं तो बारावीनंतर थेट पुणे गाठतो. म्हणजे इथल्या विद्यापीठाची खरी भिस्त राहते ती कला, वाणिज्य, विज्ञान आणि काही व्यावसायिक अभ्यासक्रमांवर.

देशात उच्च शिक्षण घेणारे एकूण विद्यार्थी घटलेत, असं मात्र नाही. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या सर्वेक्षणात ते ४ कोटी ३३ लाख होते, आदल्या वर्षापेक्षा जास्त. रिकामे बाक दिसतात ते पारंपरिक शाखांमध्ये, त्यातही एखाद-दुसऱ्या विषयात. बेरीज वाढती असली, तरी ज्या वर्गात चाळीसऐवजी अकरा मुलं बसलीत, त्या वर्गाचा हिशेब त्या बेरजेने सुटत नाही.

पुढचं चित्र तर जन्माच्या आकड्यांतच दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातला एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे सरासरी किती मुलं, २००५-०६ मध्ये २.१ होता. २०१९-२१ मध्ये तो १.७ वर आला. सध्या पदवीच्या पहिल्या वर्षाला बसणारी मुलं साधारण त्या पहिल्या आकड्याच्या काळातली. दुसऱ्या आकड्याच्या काळात जन्मलेली मुलं कॉलेजच्या दारात येतील २०३७ ते २०३९ या वर्षांत. जागा किती ठेवायच्या, पदं किती भरायची, याचा विचार करायला अजून अवधी आहे, पण तो फार नाही.

(दृश्य : प्रयोगशाळा. रिकामी स्टुलं. फळ्यावर खडूने मांडलेला हिशेब.)

आता पैशाचं बघू. यंत्रमागावर सूत निम्मं चढवलं म्हणून शेडचं भाडं निम्मं होत नाही, आणि माग चालवणारा माणूसही पूर्णच लागतो. वर्गाचं तसंच आहे.

एक नमुन्याचा हिशेब मांडू. आकडे कल्पित आहेत, पण प्रमाण खऱ्यासारखंच धरलंय. स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे फीवरच चालणाऱ्या, अभ्यासक्रमाचा एक वर्ग, ४० जागा, फी ५० हजार. जमा २० लाख. खर्चात तीन कंत्राटी प्राध्यापक, दरमहा ४० हजार, अकरा महिने, म्हणजे १३ लाख २० हजार. प्रयोगशाळा सहायक १ लाख ८० हजार. वीज आणि दुरुस्ती दीड लाख. बाहेरच्या तज्ज्ञांची व्याख्यानं १ लाख. रसायनं आणि काचसामान विद्यार्थ्यामागे २ हजार, म्हणजे ८० हजार. एकूण १८ लाख ३० हजार. शिल्लक १ लाख ७० हजार.

पुढच्या वर्षी प्रवेश झाले २८. फीचे ६ लाख गेले. खर्चात वाचलं काय? बारा विद्यार्थ्यांची रसायनं, २४ हजार रुपये. बाकी सगळं जागच्या जागी. शिल्लक राहिली नाहीच, उलट ४ लाख ६ हजारांची तूट आली. हा वर्ग ३७ विद्यार्थ्यांवर तरतो आणि ३६ वर बुडतो. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असेल, तर ही कमी भरलेली बॅच दुसऱ्या वर्षीही तशीच पुढे सरकते. जून महिन्यात कुणी सांगितलं की ‘चारच ॲडमिशन कमी आहेत’, तर आधी तो वर्ग किती विद्यार्थ्यांवर तरतो ते विचारावं.

जमा कागदावर दिसते तेवढी हातात येते, असंही नाही. शिष्यवृत्ती आणि फी-सवलतीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवरून जातात. अर्जात जातप्रमाणपत्राची किंवा उत्पन्नाच्या दाखल्याची त्रुटी निघाली, बँक खातं आधारला जोडलेलं नसलं, की रक्कम अडकते. काही योजनांत पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतात आणि मग कॉलेजला ते मागून घ्यावे लागतात. अंदाजपत्रकात फी जमा धरलेली असते. पगार मात्र महिन्याला द्यावाच लागतो.

(दृश्य : अंदाजपत्रकाची पुस्तिका. ‘सुधारित अंदाज’ हा रकाना जवळून.)

विद्यापीठाचं अंदाजपत्रक महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार ठरलेल्या वाटेने जातं. विभागांकडून मागण्या येतात, वित्त व लेखा समिती त्यांची छाननी करते, व्यवस्थापन परिषद ते पुढे पाठवते आणि मार्चमध्ये ते अधिसभेपुढे, म्हणजे सिनेटपुढे येतं. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. प्रवेशाचा खरा आकडा कळतो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. म्हणजे जमेची बाजू चार-पाच महिने नुसत्या अंदाजावर चालते. तो अंदाज बहुतेकदा मागच्या वर्षाच्या आकड्यावर थोडी वाढ धरून केलेला असतो, आणि घसरणीच्या काळात नेमकी हीच सवय महागात पडते. प्रवेश बंद झाले, की ऑक्टोबरमध्येच विभागवार आकडे घेऊन सुधारित अंदाज करायला हवा. डिसेंबर-जानेवारीपर्यंत थांबलं, तर कात्री लावायला तीनच महिने हातात उरतात. तोवर बरीचशी रक्कम खर्ची पडलेली असते.

मग निघतं सरसकट दहा टक्के कपातीचं परिपत्रक. दिसायला सगळ्यांना सारखं. पण ज्या विभागाच्या १०० रुपयांतले ८५ पगाराचे आहेत, तिथे पगाराला हात लावता येत नाही. दहा रुपये निघतात ते उरलेल्या पंधरातून. पुस्तकं, रसायनं, दुरुस्ती, सहली, झेरॉक्स, सगळं मिळून आता पाच रुपये. त्या विभागाच्या दृष्टीने ही कपात दोन तृतीयांशाची आहे.

आणि जिथे पगारावर कपात होते, तिथे ती आवाज न करता होते. निवृत्त झालेल्याची जागा भरायची नाही. मंजूर आकृतिबंध (पदांचा तक्ता), बिंदुनामावलीची (आरक्षणाच्या क्रमाची) तपासणी, शासनाची ना-हरकत, जाहिरात, यातला एकेक टप्पा महिने खातो, आणि तेवढ्यात कार्यभार, म्हणजे शिकवायचे तास, घटला तर जागाच हातची जाते. अनुदानित महाविद्यालयात हे जास्त ठळक दिसतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असावं लागतं, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला १४. बी.ए.च्या दोन तुकड्या होत्या, प्रवेश एका तुकडीपुरतेच झाले, की दुसऱ्या तुकडीचे तास गेले. आधी जातात सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक. मग पूर्णवेळ माणसाचा कार्यभार १६ च्या खाली येतो. तो निवृत्त झाला, की त्याच्या जागेचा प्रस्ताव तासांच्या तक्त्यावरच अडतो. मानसशास्त्र असो, भूगोल असो की कन्नड, विषय बंद करण्याचा ठराव कुणीच केलेला नसतो. तो शिकवायला माणूस उरत नाही, एवढंच.

परीक्षा विभागाचा खर्च तर विद्यार्थ्यांपेक्षा पेपरांवर जास्त चालतो. सहाशे विद्यार्थ्यांचा पेपर असो की सहा जणांचा, तो काढणारा हवा, तपासून बघणारा हवा, भाषांतर हवं, केंद्रावर सुरक्षित पोचवणं आलं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मेजर, मायनर, खुले ऐच्छिक, कौशल्याधारित, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली अशी पेपरांची संख्या वाढली. रचनेत चांगलं पुष्कळ आहे, पण विद्यार्थी कमी आणि पेपर जास्त झाले, की दर विद्यार्थ्यामागे परीक्षेचा खर्च चढतो. इथे माणसं कमी केली तर निकाल लांबतात. कायद्याने निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लावायचा आहे. बी.एस्सी.चा निकाल उशिरा लागला, तर एम.एस्सी.चा प्रवेश दुसऱ्या विद्यापीठात झालेला असतो, आणि एक प्रवेश आणखी घटतो.

सगळी कपात वाईट नसते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी बघता येतं.

(दृश्य : ब्युरेट, पिपेट, शंकुपात्र. जवळून.)

टायट्रेशनसाठी, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबाने सोडून त्याचं प्रमाण काढण्यासाठी, २५ मिलिलिटरचं पिपेट सर्रास वापरलं जातं. त्याऐवजी १० मिलिलिटरचं घेतलं, तर द्रावण साठ टक्के कमी लागतं. सिल्व्हर नायट्रेटसारख्या महागड्या रसायनात ही बचत लगेच जाणवते. किंमत मोजावी लागते ती अचूकतेत. ब्युरेटच्या, म्हणजे थेंब सोडणाऱ्या मोजनळीच्या, वाचनात ०.०५ मिलिलिटरची चूक धरली, तर २५ वर ती ०.२ टक्के होते, १० वर ०.५ टक्के. पहिल्या-दुसऱ्या वर्षाला हे चालतं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला चालत नाही. पण हीच बचत पाच मुलांचा गट करून, एकाने करायचं आणि चौघांनी बघायचं, अशी साधली, तर त्या चौघांच्या हाताला ब्युरेटची तोटी कधी वळणच लावत नाही. आणि धुराड्याच्या पंख्याची दुरुस्ती पुढे ढकलली, तर ॲसिडच्या वाफा सगळ्यांच्याच छातीत जातात. तिथे कपात करूच नये.

तूट भरायचा आणखी एक मार्ग म्हणजे ठेवी मोडणं. सात टक्के व्याजाची एक कोटीची ठेव मोडली, की यंदाची तूट मिटते आणि पुढच्या वर्षीपासून ७ लाखांची जमा कायमची जाते. एका वर्षाची अडचण असेल तर हे समजण्यासारखं आहे. घसरण लांबणारी असेल, तर ठेव पुरत नाही.

उच्च शिक्षणासाठीच्या केंद्राच्या पीएम-उषा योजनेतून सोलापूर विद्यापीठाला २०२४ मध्ये १०० कोटींचा निधी मंजूर झाला, त्याचा आनंद सगळ्यांनाच झाला. पण असा निधी इमारती, उपकरणं, ठरलेले उपक्रम यांसाठी असतो. त्यातून नेहमीचे पगार भागत नाहीत. उलट प्रत्येक नव्या उपकरणाला वार्षिक देखभालीचा करार लागतो, वातानुकूलन लागतं, चालवणारा तंत्रज्ञ लागतो, आणि हे तिन्ही खर्च विद्यापीठाच्या नेहमीच्या जमेतून जातात. खरेदीचा प्रस्ताव मांडतानाच पुढच्या पाच वर्षांचा देखभाल खर्च त्याच कागदावर लिहिलेला असावा.

कपात किती खोल जाऊ शकते, हे अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात दिसलं. साडेचार कोटी डॉलरची तूट, २०१५ पासून विद्यार्थी सुमारे दहा टक्क्यांनी कमी. सप्टेंबर २०२३ मध्ये नियामक मंडळाने २८ अभ्यासक्रम आणि १४३ प्राध्यापकपदं कमी केली. सर्वांत मोठा फटका परकीय भाषांना बसला. आपल्याकडे पदं शासनमान्य असल्याने एका बैठकीत असं होणार नाही. इथे तेच काम रिक्त जागा करतात, दहा-पंधरा वर्षांत.

(दृश्य : सकाळचं एसटी स्टँड. पासच्या खिडकीपुढची रांग.)

प्रवेश टिकवायला काय लागतं, याचं एक उत्तर या रांगेत आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो, तोही अहिल्यादेवींच्याच नावाच्या योजनेतून. पदवीला आलं, की सवलतीचा पास, एक तृतीयांश भाडं भरून. या खर्चावरून मुलीला पुढे शिकवायचं की नाही, हा घरातला निर्णय फिरतो. महाविद्यालयाने विद्यार्थी कल्याण निधीतून ही रक्कम भरली, तर एका मुलीमागे जेवढा खर्च होतो त्यापेक्षा ती कॉलेजात टिकल्याने वाचणारी तुकडी कितीतरी मोलाची आहे.

दुसरा उपाय शहरातल्या महाविद्यालयांनी मिळून करण्यासारखा आहे. तीन महाविद्यालयांत एकच विषय घेणारी नऊ, अकरा आणि सात मुलं असतील, तर सत्तावीस जणांचा एक वर्ग एका ठिकाणी भरवावा. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यातून एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे हस्तांतरित होतात, त्यामुळे तांत्रिक अडचण फारशी नाही. अडतं ते तिसरीकडेच. वर्ग ज्याच्याकडे भरला, कार्यभार त्याच्या नावावर चढतो, आणि बाकी दोघांचे तास बुडून त्यांची पदं धोक्यात येतात. म्हणून कुणीच आपली मुलं पाठवायला राजी होत नाही. तासांची वाटणी तिघांत करून ती उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडून लेखी मान्य करून घेतली, फीचा वाटा आणि हजेरी कुणी ठेवायची हे करारात लिहिलं, आणि त्या विषयाला तिन्हीकडे दुपारची एकच वेळ दिली, तर हे जमतं. हे सगळं मे महिन्यात व्हायला हवं, कारण जूनमध्ये वेळापत्रकं लागली की तास हलवायला कुणीच तयार नसतं.