सव्वासतरा एकरांचा उतार

[पहाट. नदीवर धुकं. उतारावर एक घोडा आणि त्यामागे औत धरलेला माणूस.]

पश्चिम फ्रान्स. लुआर नदीचा उजवा काठ. आँजे शहर इथून जवळच आहे, पण आवाज येतो तो फक्त घोड्याच्या टापांचा. चढ इतका उभा की ट्रॅक्टरपेक्षा घोडाच बरा.

या बागेचं नाव कुले द सेरां. सात हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वासतरा एकर. नाशिककडच्या एखाद्या बागायतदाराची असते एवढीच. पण इथे पहिला वेल लावला सिस्टर्सियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी, 1130 साली. तेव्हापासून या उतारावर द्राक्षंच आहेत. मध्ये 1214 साली इंग्लंडचा राजा जॉन शेजारच्या किल्ल्याला वेढा घालून बसला आणि माघारी पळाला. द्राक्षं राहिली.

वाण एकच, शेनिन ब्लां. ओळखीचं वाटलं? 1997 साली सुलाने नाशिकजवळ वाइनची द्राक्षं लावली, त्यात हेच वाण होतं. त्याचं माहेर हे लुआरचं खोरं. आपल्याकडे वेलाला वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी. इथे हिवाळ्यात एकच. थंडीत वेल झोपतो, त्याला उठवायची घाई कोणी करत नाही.

[मातीचा जवळून घेतलेला शॉट. पाटीसारखा थरांचा दगड.]

1962 साली ही बाग जोली कुटुंबाने घेतली. मुलगा निकोला कोलंबिया विद्यापीठात शिकला, न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये बँकेत होता. 1977 साली नोकरी सोडून घरी आला. सुरुवात मात्र चारचौघांसारखीच. सल्ला मिळाला, तणनाशक मारा, खर्च वाचेल. खर्च वाचला. निकोला सांगतात, दोन वर्षांत मातीचा रंग बदलला, मित्रकिडे गेले, तित्तिर दिसेनासे झाले.

मग हाती आलं बायोडायनॅमिक शेतीवरचं एक पुस्तक. या शेतीचं मूळ ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांच्या 1924 सालच्या व्याख्यानांत. गाईच्या शिंगात शेण भरायचं, शिंग हिवाळाभर जमिनीत पुरायचं, वसंतात काढून चिमूटभर खत पाण्यात ढवळत राहायचं आणि शिंपायचं. कामांच्या वेळा चंद्र-ग्रह पाहून ठरवायच्या. 1984 पर्यंत सगळी बाग या पद्धतीवर आली.

खरं सांगायचं तर ग्रहांचा भाग आमच्या गळी उतरला नाही. शिंगातल्या खताने नेमकं काय होतं, याचा ठोस पुरावा विज्ञानाकडेही नाही. पण ही माती उकरून पाहा. भुसभुशीत, ओलसर, गांडुळांची. त्यासाठी ग्रह लागत नाहीत. औत, शेणखत आणि तण उपटायला माणसं लागतात.

आणि सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असंही नव्हे. डावणी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, इथेही येते. सेंद्रिय बागेला तांबं आणि गंधक चालतं, मात्र तांबं मोजून: युरोपीय नियमाने हेक्टरी सात वर्षांत 28 किलो, त्यापुढे नाही. पावसाळी वर्षी हा हिशेब झोप उडवतो.

[तोडणी. एकाच वेलावर हिरवट, सोनेरी आणि सुकत आलेले घड.]

तोडणी एका दमात होत नाही. त्याच वेलाकडे तीन-चार आठवड्यांत पुन्हापुन्हा यायचं, पिकलं तेवढंच काढायचं. काही मण्यांवर बुरशी धरलेली असते. आपला बागायतदार ती पाहून डोक्याला हात लावेल. इथे ती हवी असते, तिने साखर घट्ट होते. रस आंबतो तो बागेतूनच आलेल्या यीस्टवर. त्यामुळे दरवर्षीची वाइन वेगळी. कधी साडेचौदा टक्के अल्कोहोलच्या पुढे जाते, कधी हलकी राहते. दुकानदाराला हे अडचणीचं, घरच्यांना नाही. आता कारभार निकोलांची मुलगी व्हिर्जिनी पाहते.

या उताराची वाइन कुले द सेरां. शेजारच्या जमिनींच्या आणखी दोन: क्लो द ला बेर्जेरी आणि ले व्ह्यू क्लो. आपल्याकडची शेनिन फ्रिजमधून काढून वर्ष-दोन वर्षांत संपवायची. ही वर्षानुवर्षं मुरते. रंग पिकल्या गव्हाचा, वासाला मध आणि वाळलेलं गवत. जोलींचा आग्रह असतो की फार गार करू नका, आणि प्यायच्या आदल्या दिवशीच बूच काढा.

[टेबल. खिडकीतून ऊन.]

आम्ही बूच काल सकाळी काढलं. पेले अजून पालथेच आहेत.