जिथे कोनशिला लागत नाही, तिथे पैसे देऊया

नमस्कार मंडळी.

आपल्या शिक्षण निधीचं काय करायचं, यावर मला बोलायला सांगितलंय. दरवर्षी ही चर्चा होते आणि फिरून फिरून वर्गखोल्या, संगणक आणि दप्तरं यांवर येऊन थांबते. माझी विनंती सुरुवातीलाच सांगते. यंदापासून हा पैसा लहान मुलांना वाचायला शिकवण्यासाठी खर्च व्हावा. का, ते थोडं सविस्तर सांगू द्या.

जगात आज सुमारे 27 कोटी मुलं-मुली शाळेबाहेर आहेत, असं युनेस्को सांगते. हा आकडा आपण ऐकलेला असतो. मला झोप लागू देत नाही तो दुसरा आकडा. जागतिक बँकेने 2019 मध्ये अंदाज मांडला होता की, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या 53 टक्के मुलांना साधा मजकूरही वाचून समजत नाही. कोविडमध्ये शाळा बंद राहिल्या आणि 2022 मध्ये हाच अंदाज 70 टक्क्यांवर गेला. यातली बहुतेक मुलं शाळेत जातात. गणवेश घालून, दप्तर घेऊन, नियमाने जातात.

असं कसं होतं? मलावीने 1994 मध्ये, युगांडाने 1997 मध्ये आणि केनियाने 2003 मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द केली. निर्णय अत्यंत योग्य होता. केनियात तर किमानी मारुगे नावाचे 84 वर्षांचे आजोबा 2004 मध्ये पहिलीच्या वर्गात येऊन बसले, इतकी लोकांना शिकण्याची ओढ होती. पण मुलांचे लोंढे आले, त्या प्रमाणात शिक्षक आले नाहीत. एकाच वर्गात शंभर मुलं, त्यांतली कितीतरी घरातली पहिलीच शिकणारी. वर्षं सरतात तशी इयत्ता पुढे सरकते आणि पुस्तकही पुढे जातं. पहिलीत ज्याची अक्षरओळख राहून गेली, त्याच्यासाठी कुणी थांबत नाही, कारण गुरुजींना अभ्यासक्रम संपवायचा असतो. चौथीत अशा मुलाची वही पाहा. फळ्यावरचं हुबेहूब उतरवलेलं असतं, अक्षर वळणदार, खाडाखोड नाही. त्यातल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हे काय लिहिलंय?’ विचारलं की मूल खाली बघतं.

आता आपल्या देणग्यांकडे वळू. 1990 च्या दशकात पश्चिम केनियातल्या ग्रामीण शाळांत मोफत पाठ्यपुस्तकं वाटून काय होतं, हे काळजीपूर्वक तपासलं गेलं. सरासरी गुणांत फरक पडला नाही. फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि ती बऱ्याच मुलांची तिसरी भाषा होती. पेरूच्या सरकारने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप मुलांसाठी घेतले. ग्रामीण शाळांतल्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांत वाढ आढळली नाही. देणाऱ्यांचं मन चांगलंच होतं, आपलंही आहे. पण वाचता न येणाऱ्या मुलापुढे आपण जे ठेवतो, ते त्याला वापरता येत नाही.

मग उपयोग कशाचा होतो? ‘प्रथम’ ही संस्था 2005 पासून भारताच्या ग्रामीण भागात ‘असर’ नावाची पाहणी करते. तिची पद्धत बघण्यासारखी आहे. कार्यकर्ता मुलाच्या घरी जातो, अंगणात त्याच्याशेजारी बसतो आणि एक कागद पुढे करतो. त्यावर काही अक्षरं, काही शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठपर्यंत येतं, ते काही मिनिटांत कळतं. अनेक वर्षं असं दिसतंय की, पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही. आणि ते बघायला आईही शेजारी उभी असते. मुलगा रोज शाळेत जातो, मग त्याला हे का येत नाही, हे तिला बहुधा पहिल्यांदाच समजतं.

उपायही याच कागदातून निघाला. दिवसातला काही वेळ इयत्ता बाजूला ठेवायची. ज्यांना अक्षरं येतात त्यांचा एक गट, शब्द येतात त्यांचा दुसरा, परिच्छेदवाल्यांचा तिसरा. तिसरी ते पाचवीची मुलं मिसळून बसतात, खेळ आणि गोष्टींतून पुढची पायरी चढतात आणि जमलं की गट बदलतात. उत्तर प्रदेशात साधारण 50 दिवसांच्या शिबिरांनंतर परिच्छेद किंवा गोष्ट वाचणाऱ्या मुलांचं प्रमाण शिबिर न झालेल्या शाळांच्या दुप्पट निघालं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी ज्या कामांची तपासणी वर्षानुवर्षं केली, त्यात हे होतं; 2019 मध्ये मायकल क्रेमर यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. झांबियाच्या सरकारने हीच पद्धत आपल्या शाळांत नेली आहे. लागतं काय? प्रशिक्षित स्थानिक माणूस, मुलाच्या भाषेतल्या गोष्टींची पुस्तकं आणि दर काही आठवड्यांनी तोच कागद.

शाळेपर्यंत पोहोचण्याचा प्रश्न संपलाय, असं मी म्हणत नाही. बिहारने 2006 मध्ये नववीतल्या मुलींना सायकली देणं सुरू केलं आणि माध्यमिक शाळेतलं मुलींचं प्रमाण जवळपास एक तृतीयांशाने वाढलं. शाळा जितकी लांब, तितका फरक मोठा. बांगलादेशात ‘ब्रॅक’ या स्वयंसेवी संस्थेने 1985 पासून गावातच एका खोलीच्या शाळा काढल्या, तीसेक मुलं आणि शिकवायला गावातलीच बाई. आणि ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी कोसबाडला काय केलं, ते इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. मुलं गुरं राखायला जातात, म्हणून शाळाच कुरणात नेली.

शिक्षकांबद्दलही एक सांगते. सहा देशांच्या एका मोठ्या पाहणीत दर पाच प्राथमिक शिक्षकांपैकी जवळपास एक शाळेत हजर नव्हता. हे गंभीर आहे. पण सगळं खापर त्यांच्यावर फोडणं मला पटत नाही. दुर्गम शाळेत एकटा माणूस चार इयत्ता सांभाळतो, वर सरकारी नोंदवह्या भरतो. त्याला नियमित भेटून मदत करणारं कुणी असलं, तर तोच माणूस वेगळं शिकवतो. आपला पैसा अशा मदतीवर खर्च व्हावा.

त्यावर नाव कोरता येणार नाही, फीत कापायला कुणी बोलावणार नाही. काही देणगीदारांना हे जड जाईल, याची मला कल्पना आहे. तरीही सर्वसाधारण सभेपुढे प्रस्ताव ठेवते: एकाच ठिकाणच्या कामाला सलग पाच वर्षं निधी द्यावा, आणि ज्या संस्थेला द्यायचा तिला आधी तीन प्रश्न विचारावेत. मुलांना वाचता येतं का, हे तुम्ही कसं तपासता? शिकवता त्या भाषेत मूल घरी बोलतं का? आणि मागे पडलेल्या मुलासाठी आठवड्यातून किती तास राखून ठेवता?

आलेले अहवाल नीट वाचून सभेला सांगायला दोन-तीन जण लागतील. शिक्षकी पेशातून निवृत्त झालेले अनेक जण आज इथे आहेत. जेवणाआधी चिटणिसांकडे नाव द्या.