वर्दी आली की निघायचं

दरवर्षी १४ एप्रिलला भायखळ्याला, फायर ब्रिगेडच्या मुख्यालयात परेड असते. बिगूल, पुष्पचक्र, सलामी. बाहेर सगळं शहर बाबासाहेबांच्या जयंतीत असतं, त्यामुळे गेटच्या आत काय चाललंय हे बऱ्याच मुंबईकरांच्या गावीही नसतं.

आत आठवण निघते ती ६६ जणांची, एकाच खात्यातली आणि एकाच दुपारी गेलेली माणसं.

साल १९४४, दुसरं महायुद्ध चालू, आणि व्हिक्टोरिया डॉकमध्ये एसएस फोर्ट स्टिकिन नावाची बोट लागलेली. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं न् दारूगोळा, त्याच्या जोडीला कराचीला भरलेल्या कापसाच्या गाठी, वर सोन्याच्या विटा पण. असा माल असला की बोटीवर लाल बावटा लावायचा असतो, तो लावलाच नव्हता! दुपारी धूर दिसला, बंब आले, जवानांनी होज, म्हणजे पाण्याचे पाइप टाकले आणि पाणी मारत राहिले, मारतच राहिले, शेकडो टन पाणी गेलं तरी आग नेमकी कुठेय तेच कळेना, आणि शेवटी तर बोटीवर सगळीकडे पाणी उकळायला लागलं. कॅप्टनने बोट सोडायचा हुकूम दिला, पण फायरवाले तिथंच होते. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. हादरा पार सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला.

युद्धाचे दिवस, सेन्सॉरचा कारभार, बातमी नीट बाहेर पडायला मे महिना उजाडला. आणि नंतर लोकांच्या तोंडी काय राहिलं, तर सोनं. वीट कशी उडाली, कुणाचं छप्पर फोडून घरात पडली, हे किस्से अजून रंगवून सांगतात, होज धरून उभे असलेल्यांचं नाव कोणी घेत नाही. राग येतो खरं सांगायचं तर.

खात्याने मात्र धरून ठेवलंय. १४ ते २० एप्रिल देशभर अग्निशमन सेवा सप्ताह असतो तो ह्याच दिवसावरून. आणि ही नुसती जुनी गोष्ट नाहीये. ९ मे २०१५ला काळबादेवीत गोकुळ निवास पेटली, लाकडी बांधणीची जुनी इमारत, रहिवासी बाहेर काढले होते, अधिकारी आत असताना ती कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई तिथंच गेले. डेप्युटी सुधीर अमीन आणि खुद्द चीफ सुनील नेसरीकर खूप भाजले, ऐरोलीच्या बर्न्स सेंटरला होते, त्याच महिन्यात दोघंही गेले. चीफ म्हणजे खात्याचा सगळ्यात मोठा साहेब, खाली उभं राहून वॉकीटॉकीवर ऑर्डर देऊ शकला असता ना?

ह्या नोकरीत सहकारी म्हणजे शेजारच्या टेबलावरचा माणूस नसतो. धुरात काही दिसत नाही तेव्हा त्याच होजवर तुमच्या मागे ज्याचा हात असतो, तो. तो गेला तरी दुसऱ्या दिवशी शिफ्ट असतेच, त्याच्या जागी कोणीतरी चढतं, बंब निघतो. परेड चालू असताना वर्दी, म्हणजे आगीची खबर आली तरी ड्युटीवरची गाडी निघणारच, थांबायची सोयच नाही.

एप्रिलच्या त्या आठवड्यात कोणी जवान खिशाला पिन फ्लॅग, म्हणजे निधीसाठीचा छोटा झेंडा लावायला आला तर पैसे टाकून लगेच पुढे जाऊ नका. दोन मिनिटं थांबा न् विचारा, नेसरीकर साहेब माणूस म्हणून कसे होते.