वजन न जाणवणारं चार टनांचं धूड

(दृश्य: कक्षेत सावकाश फिरणारा दंडगोलाकार उपग्रह)

मे १९९२. चुकीच्या कक्षेत अडकलेला इंटेलसॅट उपग्रह धरायला एन्डेव्हर यानाचे अंतराळवीर बाहेर पडलेत. उपग्रह सुमारे चार टनांचा, पण इथे तो अधांतरी तरंगतोय. पियर थ्युओ हातातला दांडा त्याला अडकवायला जातो. दांडा बसत नाही, धक्का मात्र बसतो, आणि ते धूड हेलकावे खायला लागतं. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी तिघं जण एकदम बाहेर येतात आणि नुसत्या हातांनी त्याला धरून हलकेच थोपवतात.

वजन जाणवतच नाही, मग एवढी खटपट कशासाठी?

कारण थोपवायचं होतं ते वस्तुमान. थांबलेली वस्तू हलायला आणि हलती वस्तू थांबायला किती आढेवेढे घेते, ते यावर ठरतं. वजन वेगळं. गुरुत्वाकर्षण वस्तूला ज्या बलाने ओढतं ते वजन, म्हणून ते न्यूटनमध्ये मोजायचं. आपला स्प्रिंगचा काटा मोजतो बल आणि दाखवतो किलो. पृथ्वीवर हे खपून जातं. तसा ध्रुवावर आणि विषुववृत्तावर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतोच, पण तेवढ्यावरून कोणी भांडत नाही.

(दृश्य: चंद्रावर उड्या मारत जाणारा अंतराळवीर)

चंद्रावर मात्र हाच काटा साठ किलोच्या माणसाला दहा किलोचा ठरवेल. वजन ५८८ न्यूटनवरून ९७ वर आलं. माणूस आहे तेवढाच आहे. उंच उडी मारायला मजा येते, पंचाईत होते ती पळताना थांबायची. पायाला जमिनीवर मिळणारी पकड वजनावर अवलंबून, ती सहाव्या हिश्श्यावर येते. थांबवायचं वस्तुमान मात्र पुरेपूर. म्हणून अपोलोच्या अंतराळवीरांना थांबायचं असलं की काही पावलं आधीच वेग कमी करावा लागे.

(दृश्य: अंतराळ स्थानक)

स्थानकावर गुरुत्वाकर्षण नसतं, हा समज काही केल्या जात नाही. चारशे किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के असतं! स्थानक आणि आतली माणसं एकत्रच पडत राहतात, त्यामुळे काट्यावर भार येत नाही, इतकंच.

मग तिथे माणूस मोजायचा कसा? १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर स्प्रिंगला जोडलेली खुर्ची होती, विल्यम थॉर्न्टन यांनी तयार केलेली. अंतराळवीराला तिच्यात आवळून बांधायचं, खुर्ची ओढून सोडायची आणि एका झोक्याला लागणारा वेळ मोजायचा. वस्तुमान जास्त, तर झोका सावकाश. चौपट असेल तर वेळ दुप्पट. या हिशेबात गुरुत्वाकर्षण कुठे येतच नाही. अट एकच, अंग ताठ ठेवायचं. हातपाय सैल सोडले तर ते आपल्याच लयीत हलतात आणि आकडा चुकतो.